परसांतील अवजारखोली : पत्र्याची कीं लाकडी ?

शेतकऱ्याच्या परसांत अवजारें, बियाणें व खतें ठेवण्यासाठीं एखादी स्वतंत्र खोली असावी, याविषयीं आतां मतभेद राहिलेला नाहीं. पूर्वीं नांगर भिंतीस टेकून उभा असे, बियाणें कणगींत असे व खत उकिरड्यांत. त्यांना निराळी जागा लागतच नसे. परंतु फवारणीचा पंप, तणनाशकाच्या बाटल्या, युरियाच्या गोणी, विजेच्या पंपाचा स्टार्टर, गवत कापण्याचें यंत्र, ठिबकाच्या नळ्यांचीं वेटोळीं, इतका संसार वाढल्यावर तो राहत्या घरांत ठेवणें नुसतें गैरसोयीचें नव्हे, तर धोक्याचें झालें आहे. तेव्हां खोली बांधावयाची हें ठरतें, आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो कीं, ती पत्र्याची बांधावी कीं लाकडी ? या प्रश्नाचें उत्तर बहुधा बाजारच्या गांवचा वेल्डर किंवा आपल्या गांवचा सुतार, ज्याची गांठ आधीं पडेल तो, देऊन टाकतो. ज्यानें त्यानें आपलाच माल चांगला म्हणावा यांत नवल नाहीं; पण पैसा आपला आणि आंत ठेवावयाचें बियाणेंही आपलें असल्यामुळें शेतकऱ्यानें या बाबतींत स्वतः थोडें खोलांत शिरावें हें इष्ट.

प्रथम पत्र्याचा विचार करूं. लोखंडी पत्र्यास पन्हळी पाडल्यानें तो पातळ असूनही ताठ राहतो, ही युक्ति इंग्लंडांत हेन्री पामर या गृहस्थानें १८२९ सालीं काढली. आणि त्यावर जस्ताचा मुलामा देण्याचें पेटंट फ्रान्समध्यें सोरेल यानें १८३७ सालीं घेतलें. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि पन्हळी पत्रा जगभर पसरला. जस्त नुसतें वरून झांकण घालतें असें नाहीं. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडें झालें, तरी शेजारचें जस्त आधीं झिजतें व लोखंडाला गंजूं देत नाहीं. म्हणजे पत्र्याचें आयुष्य हें त्यावरील जस्ताचें आयुष्य होय. आपण दुकानांत जाऊन गेज विचारतों, रंग विचारतों, पण जस्त किती हें कोणी विचारीत नाहीं. भारतीय मानकाप्रमाणें चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२०, १८०, २२० किंवा २७५ ग्रॅम जस्त असलेले पत्रे मिळतात. १२० व २७५ या दोन पत्र्यांत डोळ्यांस कांहीं फरक दिसत नाहीं. परंतु एकाच हवेंत दुसरा पहिल्याच्या दुपटीहून अधिक काळ टिकतो. २७५ ग्रॅमच्या पत्र्यावरही एका बाजूस जस्ताचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाच असतो, हें ध्यानांत ठेवावें. तेव्हां गेजाबरोबर हा आंकडाही विचारावा, व पावतीवर लिहून घ्यावा. दुकानदार कुरकुरेल, पण लिहून देईल.

अलीकडे जस्ताबरोबर ॲल्युमिनियम मिसळलेला मुलामा असणारे पत्रेही पुष्कळ खपतात. त्यांत वजनी शेंकडा ५५ ॲल्युमिनियम असतें, आणि उघड्या पावसांत ते साध्या जस्ती पत्र्याहून अधिक टिकतात. मात्र गोठ्यास लागून खोली बांधावयाची असेल तर हे पत्रे घेऊं नयेत. गोमूत्राच्या वाफेंतील अमोनिया त्यांना सोसत नाहीं, आणि कारखानदारही अशा जागेची हमी सहसा देत नाहींत. ओल्या सिमेंटाचा स्पर्शही दोन्ही प्रकारच्या मुलाम्यास वाईट; जोत्यावर गिलावा करतांना पत्र्यावर उडालेलें सिमेंट तेव्हांच पुसून काढावें.

पत्र्याचा मोठा शत्रु खाऱ्या हवेंत आहे, हें कोंकणच्या शेतकऱ्यास सांगावयास नकोच. परंतु देशावरील शेतकरी मात्र आपल्याच हातानें खारी हवा खोलींत आणून ठेवतो, याची जाणीव थोड्यांस असते. पोटॅशचें खत हें एक प्रकारचें मीठच आहे. युरिया व अमोनियम सल्फेट हींही हवेंतील ओल शोषून घेतात व पाझरूं लागतात. अशी फुटकी गोण पत्र्याच्या भिंतीस टेकून एक पावसाळा राहिली कीं भिंतीचा खालचा हातभर भाग चाळणीसारखा होतो. मोरचुदाची गोष्ट तर विचारूंच नका. त्याचें पाणी लोखंडावर सांडलें कीं लोखंड विरघळतें व त्याच्या जागीं तांबें बसतें. म्हणून पत्र्याच्या खोलींत खताच्या गोणी भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी घडवंचीवर ठेवाव्यात. हा नियम पाळतां येत नसेल तर पत्र्याच्या भिंतीचा नाद सोडावा हें बरें.

आतां उष्णतेकडे वळूं, कारण आमच्या मतें या सर्व वादांतील खरें नुकसान येथें आहे. वैशाखांतल्या दुपारीं पत्र्याची बंद खोली उघडून आंत पाय टाकला म्हणजे बाहेरचें ऊन बरें असें वाटतें. अवजारांस त्याचें कांहीं नाहीं. पण बियाणें जिवंत वस्तु आहे. बीजशास्त्रांत एक ठोकळ नियम सांगतात कीं, बियांतील ओलावा शेंकडा एकानें कमी केला तर बियांचें आयुष्य दुप्पट होतें, आणि साठवणीची उष्णता ५ अंश सेल्सिअसनें कमी केली तरीही दुप्पट होतें. हाच नियम उलटा वाचला म्हणजे पत्र्याच्या खोलीचा अर्थ कळतो : आंतली उष्णता १० अंशांनीं अधिक असेल तर बियांचें आयुष्य चौथाईवर येतें. सोयाबीनचें बीं तर फारच नाजूक. त्याची साल पातळ, अंकुर सालीच्या अगदीं लगत; म्हणूनच प्रमाणित बियाण्यांत बऱ्याच पिकांपेक्षां कमी, म्हणजे शेंकडा ७० उगवण पुरेशी धरलेली आहे. २०२० सालच्या खरिपांत मराठवाडा व विदर्भ या भागांत सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी फार मोठ्या प्रमाणावर झाल्या. त्याचीं कारणें अनेक होतीं आणि सगळा दोष शेतकऱ्याच्या खोलीचा नव्हता; पण तेव्हांपासून घरचें बियाणें राखण्याकडे लोकांचा कल वाढला असून, तें घरचें बियाणें आश्विनापासून ज्येष्ठापर्यंत आठ महिने कोठें राहतें याकडे लक्ष द्यावयास हवें. चैत्र-वैशाखांत पत्र्याखालीं भाजलेलें बियाणें मृगांत पेरलें आणि उगवलें नाहीं, तर दुबार पेरणीच्या खर्चापुढें खोलीच्या बांधकामांत वांचविलेले चार पैसे कोठल्या कोठें जातात.

पत्र्याची खोली पुरेशी गार ठेवतां येत नाहीं असें मात्र नाहीं. छपराला बाहेरून पांढरा रंग द्यावा. आंत पत्र्याखालीं वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचें दुसरें छत बांधावें. आणि भिंत व छप्पर यांच्यामध्यें चारी बाजूंनीं हवेस वाट ठेवून तेथें उंदीर येऊं नयेत म्हणून बारीक जाळी मारावी. या जाळीचा दुसराही उपयोग आहे. हिंवाळ्याच्या निरभ्र रात्रीं पत्रा हवेपेक्षांही थंड होतो, आणि खोलींत कोंडलेल्या हवेंतील वाफ त्याच्या खालच्या अंगास दंव होऊन जमते. पहाटे तें थेंबथेंब गळतें. छप्पर कोठेंही गळत नसतां सिमेंटाचीं पोतीं दगड कां झालीं, या कोड्याचें उत्तर पुष्कळदां हेंच असतें. वारा खेळता असला कीं हें दंव जमत नाहीं.

लाकडी भिंतीस व कौलांस हीं दुखणीं नाहींत. लाकडांतून उष्णता सावकाश जाते, आणि कौलांच्या फटींतून हवा आपोआप खेळते. शिवाय लाकडी भिंतीस पाहिजे तेथें खिळा ठोकून कुदळ, कोयता, दोरखंड टांगतां येतें. पत्र्याच्या भिंतीस ही सोय नसल्यामुळें सगळें सामान जमिनीवर ढीग होऊन पडतें, आणि सहा महिन्यांत ती अवजारखोली न राहतां अडगळीची खोली बनते. हें कारण कोणास क्षुल्लक वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं.

परंतु लाकूड म्हणजे कोणतें लाकूड ? सागवान चांगलें हें सर्वांस ठाऊक आहे. पण सागाचा टिकाऊपणा त्याच्या तपकिरी गाभ्यांत आहे. भोंवतालचा फिकट, पांढुरका भाग कोणत्याही जंगली लाकडाइतकाच लवकर किडतो. कोवळ्या झाडाच्या सागवानांत हा पांढरा भाग पुष्कळ असतो, आणि तें ‘सागवान’ म्हणूनच विकलें जातें. तेव्हां नांवास न भुलतां लाकडाचें टोंक पाहून घ्यावें. खांबांसाठीं ऐन, किंजळ, खैर हीं चांगलीं. आंबा व सांवर यांच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण त्यांत कीड व बुरशी इतक्या लवकर शिरते कीं त्या औषध पाजल्याखेरीज वापरूंच नयेत. मोडलेल्या जुन्या वाड्यांचें लाकूड मिळत असेल तर तें पहिलें पहावें. तें पन्नास-शंभर वर्षें वाळलेलें असतें, पावसाळ्यांत फुगून दार अडकवीत नाहीं, आणि ज्यास वाळवी लागावयाची तें केव्हांच लागून गेलेलें असतें.

आपल्याच बांधावरचें झाड तोडून काम भागवूं असा विचार असेल तर कायद्याचें भान ठेवावें. महाराष्ट्रांत वृक्षतोडीचें नियमन करणारा १९६४ चा कायदा असून साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ, मोह, चिंच इत्यादि झाडें त्याच्या यादींत आहेत. तीं स्वतःच्या मालकीचीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. बांबूचें तसें नाहीं. २०१७ सालीं भारतीय वन कायद्यांत दुरुस्ति होऊन वनाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येंतून वगळला गेला. भिंतीच्या कुडासाठीं बांबूसारखी स्वस्त वस्तु नाहीं. फक्त तो पक्का व हिंवाळ्यांत तोडलेला असावा, आणि वाहत्या पाण्यांत कांहीं आठवडे बुडवून ठेवलेला असावा. त्यानें त्यांतील पिष्टमय अंश निघून जातो व पीठ पाडणारी कीड लागण्याचें भय पुष्कळ कमी होतें.

लाकूड सडतें तें बहुधा एकाच ठिकाणीं, म्हणजे खांब जमिनींतून वर येतो त्या जागीं. खूप खोल मातींत हवा नाहीं म्हणून तेथें बुरशी वाढत नाहीं, वर ओल नाहीं म्हणून तेथें वाढत नाहीं. जमिनीच्या पातळीवर मात्र हवा व ओल दोन्ही मिळतात. वाळवीही तेथूनच चढते. याला उपाय आपल्या वाडवडिलांनीं करून ठेवलेला आहे. खांब मातींत कधीं पुरूं नये. जोतें करावें, जोत्यावर दगडी तळखडा ठेवावा आणि त्यावर खांब उभा करावा. भोंवतालीं हात दीड हात जमीन मोकळी व उघडी राहील अशी ठेवावी. वाळवी उजेडांत चालत नाहीं. दगडावरून चढावयाचें तर तिला मातीची नळी बांधावीच लागते, व ती नळी डोळ्यांस दिसते. महिन्यांतून एकदां खराट्यानें ती पाडून टाकली म्हणजे पुष्कळ काम होतें. खोलीला गवताची गंजी किंवा लाकूडफाट्याची रास टेकवून ठेवणें म्हणजे वाळवीला शिडी लावून देणें होय.

औषधांत डांबराचा व क्रिओसोटचा उपयोग जुना आहे. तांबें, क्रोमियम व सोमल यांच्या क्षारांचें जें मिश्रण आज जगभर माहीत आहे, तें डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंटी कामेशम् यांनीं १९३३ सालीं शोधून काढलें, ही आपल्यास अभिमानाची गोष्ट आहे. परंतु सोमल तो सोमलच. अमेरिकेंत घरगुती कामासाठीं त्याचा वापर २००३ च्या अखेरीस थांबविण्यांत आला. असें लाकूड कुंपणाच्या खांबास ठीक, पण ज्या खोलींत धान्य किंवा जनावरांची पेंड ठेवावयाची तेथें तें नको, आणि त्याचे तुकडे चुलींत तर कधींच घालूं नयेत. अशा लाकडांत साधे जस्ती खिळे मारले तर तांब्याच्या क्षारांनीं ते लवकर खाल्ले जातात, हेंही सुताराला आधींच सांगून ठेवावें. आंतल्या कोरड्या भागास बोरिक-बोरॅक्सचें पाणी पुरे होतें. कोंकणांत काजूच्या टरफलांचें तेल लावतात. तें उत्तम, मात्र कातडीवर पडल्यास फोड येतात, म्हणून हातांस फडकें गुंडाळून लावावें.

वाऱ्याचा हिशेब मात्र आंकड्यांनीं केल्याखेरीज पटत नाहीं. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या बाजूस नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या व छपरांचे पत्रे दूरवर जाऊन पडले. ११० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारें ५७ किलो भरतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पन्हळी पत्र्याचें वजन तेवढ्याच जागेस चार ते पांच किलो असतें. म्हणजे पंधरा चौरस मीटरच्या लहानशा छपरास वर उचलणारा जोर साडेआठ क्विंटलांच्या घरांत जाऊं शकतो, आणि पत्र्यांचें सगळें वजन ७५ किलोंच्या आंतच ! दार उघडें राहून वारा आंत शिरला तर हा जोर आणखी वाढतो. उडालेला पत्रा ही सुरीच आहे. घराशेजारच्या परसांत तो कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाहीं. मंगळुरी कौलांचें वजन चौरस मीटरला सुमारें ४० किलो असतें व त्यांच्या फटींतून दाब थोडा निघून जातो. वादळांत कौलेंही उडतात, पण एकेक उडतात, आणि दुसऱ्या दिवशीं घरच्या माणसांनीं परत बसविण्याजोगीं पुष्कळ राहतात.

तेव्हां पत्र्याचें छप्पर करणाऱ्यानें तें धरून ठेवणाऱ्या वस्तूंत काटकसर करूं नये. हूक बोल्ट पन्हळीच्या माथ्यावर घ्यावा, खळग्यांत नव्हे, नाहीं तर प्रत्येक भोंकांतून पाणी येईल. खालीं डांबरी वायसर घालावा. कडेच्या ओळींत बोल्ट दाट असावेत, कारण वारा पत्र्याची कड आधीं उचलतो. आणि खांबाचा पाय कांक्रीटांत हवा. ४० सेंटिमीटर लांबरुंद व ६० सेंटिमीटर खोल अशा खड्ड्यांत सुमारें २३० किलो कांक्रीट बसतें. असे सहा खांब असले तर वरील हिशेबाची भरपाई होऊन थोडें उरतें. काळ्या जमिनींत हा खड्डा मुरुमाला टेकेपर्यंत न्यावा, कारण काळी माती पावसांत फुगते व उन्हांत भेगाळते आणि अर्धवट पायास वांकडें करते.

विजेविषयीं एकच गोष्ट सांगतों, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे. पत्र्याच्या भिंतीस भोंक पाडून त्यांतून तशीच वायर आंत घेतलेली आम्ही ठिकठिकाणीं पाहतों. पत्र्याची धार वाऱ्यानें हलणाऱ्या वायरचें वेष्टन कापते, उरलें सुरलें उंदीर कुरतडतात. मग सगळी खोली विजेनें भारली जाते, आणि पावसांत अनवाण्या पायानें कडी काढावयास गेलेला मनुष्य जागच्या जागीं जातो. स्टार्टर शक्य तोंवर पत्र्याच्या खोलींत ठेवूंच नये. ठेवावयाचाच तर वायर नळींतून घ्यावी, खोलीच्या सांगाड्यास स्वतंत्र अर्थिंग करावें, आणि ३० मिलिॲम्पियरच्या गळतीस वीज तोडणारा स्विच बसवावा. या स्विचाला येणारा खर्च खोलीच्या खर्चांतच धरावा.

आगीसंबंधानें पत्रा वरचढ, हें उघड आहे. जेथें फाल्गुन-चैत्रांत वणवे येतात तेथें लाकडी खोलीभोंवतीं जाळरेषा काढल्याखेरीज गत्यंतर नाहीं. उंदरांचें म्हणाल तर खालीं फरशी नसेल तर दोन्ही खोल्या त्यांना सारख्याच. ॲस्बेस्टॉसचा पत्रा कोणी स्वस्त म्हणून सुचवील. तो फुटल्यावर त्याचे तंतु श्वासांत जाऊन फुफ्फुसाचे असाध्य रोग होतात, म्हणून त्याचा विचारच करूं नये.

आतां कोणी कोणती बांधावी ? किनाऱ्यापासून कोसभराच्या आंत, जांभ्याचें जोतें, ऐन-किंजळाचे खांब व कौलें यांहून चांगली खोली आमच्या मतें नाहीं. सिंधुदुर्गाकडील मांगर ही याच जातीची इमारत असून ती त्या हवेंतच घडत गेलेली आहे. तीस मागासलेली समजून तेथें पत्रे ठोकणें हें खिशासही परवडणारें नाहीं. पूर्व विदर्भांत चांगलें सागवान जवळ मिळतें, पण ऊनही तसेंच कडक; तेथें सांगाडा लाकडी, छप्पर कौलारू आणि भिंती बांबूच्या कुडाच्या असाव्यात. सोलापूर, धाराशिव, बीड, नगर या कमी पावसाच्या, लाकूड दुर्मिळ व वाळवी फार अशा मुलुखांत लोखंडी नळ्यांचा सांगाडा व जस्ती पत्रा हाच व्यवहार्य मार्ग होय. मात्र वर सांगितलेलें तट्ट्यांचें छत त्यांत गृहीत धरावें, आणि बियाणें तरीही राहत्या घराच्या गारव्यांतच ठेवावें. खंडानें घेतलेल्या जमिनीवर बांधावयाचें असेल तर वेल्डिंग न करतां नटबोल्टांनीं जोडलेली पत्र्याची खोली करावी, म्हणजे मुदत संपतांच ती उकलून गाडींत घालून नेतां येते; आणि अगदीं मोडींत काढली तरी लोखंडाला भंगाराचा भाव येतोच.

दोहोंच्या खर्चाची तुलना करतांना पहिल्या दिवसाच्या आंकड्यावर जाऊं नये. लाकडी खोलीला दर दोन-तीन वर्षांनीं तेल-रंग व कौलें चाळण्याची मजुरी धरावी. पत्र्याच्या खोलीला गंजलेले बोल्ट बदलण्याचा, कापलेल्या कडांस रंग देण्याचा आणि खालचे पत्रे एकदां तरी बदलण्याचा खर्च धरावा. आणि वीस वर्षांची बेरीज करून पहावी. वेल्डर आतां प्रत्येक बाजारगांवीं आहे, कौलारू कामाचा सुतार दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे, ही गोष्टही या बेरजेंत यावयास हवी. ज्याच्या गांवीं सुतार उरलेला नाहीं त्यानें लाकडी खोलीच्या दुरुस्तीसाठीं कोणाची वाट पहावी ?

काम कोणतेंही असो, तें माघ-फाल्गुनांत काढावें, म्हणजे लाकूड कोरडें मिळतें, कांक्रीटास पाणी घालावयास सवड राहते व वळवाच्या वाऱ्यापूर्वीं छप्पर पक्कें होतें. दाराचें तोंड पश्चिमेस करूं नये, नाहीं तर नैर्ऋत्येचा पाऊस थेट आंत येईल. आणि दाराची रुंदी ठरविण्यापूर्वीं आपल्याकडचें सर्वांत रुंद अवजार कोणतें तें दोरीनें मापून घ्यावें. पॉवर टिलर बाहेर पावसांत व आंत रिकामी खोली, असा प्रकार पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडतो.